प्रयोगशाळेचे कुलूप कोणी उघडायचे?

अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या परिसरात हिंदुस्थान लिव्हर कंपनीचे संशोधन केंद्र अनेक वर्षे होते. आज त्या आवारात कंपनीचे मुख्यालय आहे. या केंद्रातील अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८२ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, नोकरी सोडली आणि पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी ते राहावयास गेले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अनुभव आणि बड्या कंपनीतील अधिकारपद एवढी पुंजी गाठीशी असलेला माणूस उतारवयात खेड्याकडे वळला, तर तो शाळा काढील किंवा शेती करील अशीच लोकांची अटकळ असते. कलबागांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या संस्थेच्या आश्रयाने त्यांनी १९८३ साली 'विज्ञान आश्रम' सुरू केला आणि गावात आधीच असलेल्या माध्यमिक शाळेच्या मुलांना हाताशी धरले.

या घटनेला चार दशके उलटून गेली. तिची आठवण काढण्याचे निमित्त मात्र ताजे आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमधून पन्नास हजार 'अटल टिंकरिंग' प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. नीती आयोगाच्या छत्राखाली २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. त्यांपैकी दहा लाख उभारणीसाठी आणि उरलेले दहा लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. हाच दर धरला तर पन्नास हजार शाळांचा हिशेब दहा हजार कोटी रुपयांवर जातो. रक्कम लहान नव्हे. आणि विज्ञानशिक्षणावर कोणी पैसा खर्च करू पाहत असेल तर त्याला नाउमेद करण्याचे पातकही कोणी करू नये. तथापि नवी प्रयोगशाळा उभारण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे भाग आहे. ग्रामीण माध्यमिक शाळेत जी जुनी प्रयोगशाळा होती, ती का चालली नाही?

ती होती, हे आधी मान्य केले पाहिजे. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. त्या सुमारास आणि त्यानंतर गावोगावी विद्यालये निघाली; मान्यतेच्या अटींमध्ये प्रयोगशाळा होती, म्हणून एका खोलीवर तशी पाटी लागली. खोलीत एक कपाट आले. कपाटात चंचुपात्रे, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे, एखादा तराजू, एखादा सूक्ष्मदर्शक आणि दोनचार भिंगे आली. भिंतीवर मानवी सांगाड्याचा तक्ता लागला. कपाटाला कुलूप लागले. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे कित्येक शाळांत वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशीच आठवते.

याचा दोष विज्ञानशिक्षकाच्या आळसावर ढकलणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. ती फुटली, तर तिचे रीतसर निर्लेखन करून घ्यावे लागते. त्यासाठी अर्ज, शेरे, मंजुरी आणि लेखापरीक्षकाच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात. पन्नास मुलांच्या वर्गात महिन्याला चार परीक्षानळ्या फुटणे हे शिकण्याचे लक्षण आहे. नोंदवहीच्या दृष्टीने मात्र ती तूट आहे. न वापरलेली वस्तू हिशेबात शाबूत राहते आणि वापरलेली वस्तू हिशेबात खोट दाखवते, अशी ही व्यवस्था आहे. प्रयोग करून दाखवणाऱ्या शिक्षकाला बक्षीस नाही. फुटलेल्या काचेची किंमत खिशातून भरण्याची धास्ती मात्र आहे. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील, हे सांगावयास अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही. तो कपाट बंद ठेवील.

त्यात चालू खर्चाची रड वेगळीच. अनुदानित शाळेला सरकारकडून मिळणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग वेतनावर जातो, आणि ते योग्यही आहे. उरते ते वेतनेतर अनुदान. गेल्या दोन दशकांत ते कधी थांबले, कधी तुटपुंजे मिळाले. आम्ल, लिटमस कागद, जस्ताचे तुकडे, विजेऱ्या या वस्तू वापरल्या की संपतात; त्या दरवर्षी नव्याने आणाव्या लागतात. इमारत आणि फर्निचर यांसाठी आमदारनिधी मिळतो, देणगीदार मिळतो, संगमरवरी पाटीही लागते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर कोणी आईवडिलांचे नाव कोरून घेत नाही. प्रयोगशाळा सहायकांची आणि परिचरांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात ती निराळीच. त्यामुळे साहित्य मांडणे, धुणे, परत लावणे हे सारे काम पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत त्या एकट्या शिक्षकाने उरकायचे असते.

यावरही मात करणारे शिक्षक आहेत आणि त्यांची संख्या वाटते तितकी थोडी नाही. परंतु त्यांच्या मेहनतीला परीक्षेत किंमत नाही. दहावीच्या विज्ञान विषयात शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते शाळाच देते. ज्या शाळेत मुलांनी खरोखर भिंग हाताळले ती शाळा आणि ज्या शाळेत शिक्षकाने फळ्यावर आकृती काढून 'उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' अशी पाच शीर्षके उतरवून घेतली ती शाळा, या दोहोंच्या गुणपत्रकांत फरक दिसत नाही. प्रात्यक्षिक वहीत सगळ्यांच्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर दहा सेंटिमीटर येते, मग भिंग कोणतेही असो, किंवा नसो. मुलांना यातून एक धडा मिळतो खरा. निरीक्षण आधी लिहावयाचे असते आणि पाहणे झाले तर नंतर, हा तो धडा. विज्ञानाच्या नावाखाली विज्ञानाच्या नेमका उलट संस्कार करण्याची ही पद्धत आपण पिढ्यान् पिढ्या चालवीत आलो आहोत.

ही स्थिती कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिकांनी सत्तरीच्या दशकात शाळांकडे मोर्चा वळवला. त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. ते आज मानखुर्दला आहे. या केंद्राने आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम सुरू केले. साधी, स्वस्त उपकरणे आणि शिक्षकांशी सातत्याने संपर्क हा त्याचा मार्ग होता. पुढे केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुलांच्या अडचणींचा शोध घेत गेले, तेव्हा उपकरणांच्या अभावाइतकाच भाषेचा अडसरही त्यांना दिसला. पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर, कृत्रिम मराठी मुलाला आणि विज्ञानाला एकमेकांपासून दूर ठेवते. तोच मजकूर सोप्या भाषेत दिला तर मुलांची समज वाढते. (हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पाठ्यपुस्तकांच्या भाषेत त्या मानाने किती फरक पडला, हे शिक्षकांनीच सांगावे.)

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील प्रयोग याहून मोठा. त्याचाही एक धागा मुंबईपर्यंत येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवावयास आरंभ केला. १९७८ साली सबंध जिल्हा त्यात आला. शाळांना साहित्याची पेटी मिळे, शिक्षकांच्या मासिक बैठका होत, आणि मुख्य म्हणजे परीक्षाच बदलली होती. मुलाने पुस्तक उघडून उत्तर लिहावे, याला मुभा होती. मात्र प्रात्यक्षिक खरोखर करून दाखवावे लागे. या मुळावर घाव घालणाऱ्या सुधारणेमुळेच तो कार्यक्रम तीस वर्षे तगला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. ज्या कार्यक्रमाचा जीव सरकारी परवानगीत आहे, त्याला सरकारी आदेशाने मरणही येते.

पाबळची वाट या दोहोंपेक्षा वेगळी होती आणि तिचा विचार अर्थशास्त्राच्या अंगानेही करण्याजोगा आहे. कलबागांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाचा विषय तयार केला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करावे, अशी योजना. कामाचे चार विभाग पाडले होते: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. प्रत्येकाने चारही विभागांतून जावयाचे. मुलींनी गृहविभागात आणि मुलांनी वर्कशॉपमध्ये, अशी वाटणी नव्हती. शिकवणारे निदेशक बहुधा गावातलेच, हातात कसब असलेले. आणि जे करावयाचे ते शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाचे असावे, त्याचे मोल कोणीतरी द्यावे, हा यातला महत्त्वाचा नियम.

या नियमाने काय घडते ते पाहण्यासारखे आहे. परीक्षानळी ही शाळेच्या लेखी उपभोगाची वस्तू आहे. ती खर्ची पडली की संपली. वेल्डिंगची कांडी ही मात्र उत्पादनाला लागणारी निविष्टा होते. तिच्यातून शाळेचे मोडके बाक दुरुस्त होते किंवा एखाद्या शेतकऱ्याचे फाटक तयार होते, आणि कांडीची किंमत वसूल होते. चुकीत वाया गेलेला माल हा धंद्यातला नेहमीचा खर्च ठरतो. त्यासाठी कोणाला निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागत नाही. शिवाय गिऱ्हाईक हा लेखापरीक्षकापेक्षा कडक परीक्षक असतो. फाटक लागले नाही तर तो वीसपैकी अठरा गुण देत नाही.

आता विज्ञान यात कोठे आले, असे कोणी विचारील. गाईला किती खुराक द्यावयाचा हे ठरवण्यासाठी तिचे वजन हवे. गावात गाय तोलण्याचा काटा नाही. मग छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपने मोजून वजनाचा अंदाज काढावयाचा. लांबी मोजून वस्तुमान कसे कळते, हा प्रश्न येथे मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. घनफळ आणि घनता हे शब्द त्याला त्यानंतर भेटतात. जमिनीची मोजणी करताना भूमिती भेटते. काँक्रीटचे प्रमाण चुकले तर फरशी तडकते, तेव्हा गुणोत्तर समजते. घराची वायरिंग करताना फ्यूज का उडतो, हे ओहमच्या नियमापेक्षा आधी कळते आणि नियम नंतर पाठ करावाच लागत नाही. मातीची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन पाहणे, रोपवाटिका, सौर चूल ही कामेही या अभ्यासक्रमात आली. गायीच्या वजनाचे उत्तर सगळ्यांचे सारखे येत नाही, कारण गायी सारख्या नसतात. प्रात्यक्षिक वहीतल्या त्या दहा सेंटिमीटरांना याहून चांगला उतारा सापडणे कठीण.

राज्य शिक्षण मंडळाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा विषय पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. पाबळबाहेरच्या अनेक शाळांनी तो घेतला. शाळा सोडलेल्या मुलांसाठी आश्रमाने निवासी पदविका काढली. विशेष म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 'फॅब लॅब' नावाची संगणकचालित यंत्रांची कार्यशाळा आपल्या देशाबाहेर उभारावयाचे ठरवले, तेव्हा आरंभीच्या निवडींत २००२ साली पाबळ होते. जुन्या अवजारांवर श्रद्धा आणि नव्या यंत्रांशी वैर, असा हा प्रकार नव्हता हे यावरून दिसते. फरक एवढाच की पाबळमध्ये यंत्रे आली तेव्हा वीस वर्षांच्या कामातून साठलेले प्रश्न त्यांची वाट पाहत होते. कलबाग २००३ साली वारले. आश्रम चालू राहिला.

मग ही पद्धत सर्व शाळांत का गेली नाही? एक कारण पैशाचे. निदेशकाचे मानधन नियमित अनुदानात बसत नाही. ते देणगीतून द्यावयाचे तर देणगीदाराचा उत्साह टिकेल तोवरच विषय टिकतो. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते नुसते हटवादाचे म्हणून उडवून लावता येणार नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो. शहरातील मुलाने पदार्थविज्ञान शिकून अभियंता व्हावे आणि खेड्यातील मुलाने सुतारकाम शिकून सुतारच राहावे, असे तर हे नाही ना? ज्या समाजात जातीने पिढ्यान् पिढ्या कोणाच्या हाती कोणते अवजार द्यावयाचे ते ठरवले, तेथे बापाचे अवजार मुलाच्या हाती शाळेनेही द्यावे, याचा बापाला संताप आला तर नवल नाही. त्याने पोराला शाळेत घातले ते त्या अवजारापासून सुटका व्हावी म्हणूनच.

या आक्षेपातील निम्मा भाग खरा आहे. अशा विषयाला नुसते 'व्यावसायिक' म्हणून गुणपत्रिकेच्या तळाशी ठेवले आणि विज्ञानाचा पेपर फळ्यावरच्या आकृत्यांना बांधलेला राहिला, तर ती फसवणूकच होईल. परंतु चारही विभागांतून फिरणारा मुलगा कोणा एका धंद्याला जखडला जात नाही, आणि गाईचे वजन मोजणारी मुलगी गुराखी होण्याचे शिक्षण घेत नसते. आक्षेप पुरता निकालात काढावयाचा असेल, तर हा दिवस फक्त शिरूर तालुक्यातील शाळांपुरता ठेवून चालणार नाही. तो मुलुंड आणि बोरिवलीच्या शाळांतही पाळावा लागेल.

उपनगरांत काय चित्र आहे? येथे प्रयोगशाळा ग्रामीण शाळेपेक्षा बऱ्या आहेत, यात शंका नाही. परंतु दोन पाळ्यांत चालणाऱ्या, साठ-साठ मुलांचे वर्ग भरवणाऱ्या शाळेत दहा मुलांच्या मागे एक भिंग येते, आणि ते एखादा चुणचुणीत मुलगा हाताळतो. बाकीचे नऊ पाहतात. ज्या पालकांना हे उमगते ते पैसे मोजून वाट काढतात. ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशन ही शिक्षकांची संघटना १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. तीत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षेची फेरी असते. स्पर्धा जुनी आहे आणि तिचा हेतू स्तुत्य आहे. पण त्या प्रात्यक्षिकाची तयारी करून देणारे खासगी वर्ग घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे निघाले, आणि त्यांची फी भरणारे पालकही मिळाले. शाळेच्या शुल्कात जे मिळावयास हवे होते ते बाजारात पुन्हा विकत घ्यावे लागते, याचा अर्थ शाळेतील पुरवठा आटला आहे, एवढाच निघतो. पाबळच्या किंवा खिरोद्याच्या मुलापुढे असा बाजारही नाही. शाळेचे कपाट उघडले नाही तर त्याच्यासाठी ते कोठेच उघडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात त्यांनी स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे, असे सुचवले आहे. वर्षातले दहा दिवस आणि आठवड्यातला एक दिवस यांत तिपटी-चौपटीचे अंतर आहे. सहलीसारखे दहा दिवस उरकून टाकता येतात. दर आठवड्याला येणारा दिवस वेळापत्रकात जागा मागतो, निदेशक मागतो, पैसा मागतो. म्हणूनच टिंकरिंग प्रयोगशाळांच्या घोषणेतील पहिल्या वर्षापेक्षा सहावे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. त्रिमितीय छपाईच्या यंत्राला लागणारे प्लॅस्टिकचे रीळ, जळालेले विद्युतघटक, बिघडलेल्या संवेदकांची दुरुस्ती यांचा खर्च पाच वर्षांनी कोणी करावयाचा? त्याचे उत्तर आजच अंदाजपत्रकात लिहिले गेले नाही, तर जडसंग्रह नोंदवहीत आणखी काही महागड्या वस्तूंची भर पडेल आणि कुलूप तेवढे नवे असेल.

यापेक्षा स्वस्त अशा काही गोष्टी शिक्षण खात्याला यंदाच करता येतील. काचसामानाची ठरावीक वार्षिक फूट मुख्याध्यापकाने स्वतःच्या सहीने लेखी घालावी, एवढा अधिकार त्याला द्यावा. प्रयोगसाहित्याचा चालू खर्च विद्यार्थिसंख्येवर ठरवून वेतनाबरोबरच, वेतनाइतक्याच नियमितपणे शाळेकडे पाठवावा. निदेशकाचे मानधन देणगीवर न सोडता अनुदानास पात्र खर्चात धरावे. आणि दहावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण शेजारच्या शाळेतील शिक्षकाने द्यावेत. त्याने मुलाच्या हाती एक भिंग आणि एक कोरा कागद देऊन त्याला खिडकीशी उभे करावे. बाहेरचे झाड कागदावर उलटे आणि स्पष्ट उमटले, मग पट्टीने अंतर मोजले, की गुण. या परीक्षेला वीस लाखांची गरज पडणार नाही. परीक्षकाचा प्रवासभत्ता मात्र वेळेवर मिळाला पाहिजे.